हिरड्या मागे का सरतात?

(विश्रामबाग येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी शिक्षण, विवाह, उद्योगधंदे अशा थोर विषयांचा ऊहापोह होतो. यंदा चिटणीसांनी मला पाचारण केले आणि मी विषय निवडला तो हिरड्यांचा. काही मंडळींच्या मुखावर उमटलेले स्मित मला येथून दिसत आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला माणूस आहे. तथापि या रोगाने माझे चार दात नेले आणि आमच्या सौभाग्यवतींचे नऊ. तेव्हा त्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला पोचतो, असे मी समजतो.

शाळेत दर सोमवारी मी मुलांची नखे व दात तपासत असे. त्याच काळात माझ्या स्वतःच्या चुळीच्या पाण्यात रक्ताची छटा येत होती. उष्णता झाली असेल, ब्रश राठ असेल, अशी समजूत घालून मी ते पाणी मोरीत सोडून देत असे. असे दहाबारा वर्षे चालले. निवृत्तीनंतर एके दिवशी नातू म्हणाला, "आजोबा, तुमचे दात वाढले का हो?" आरसा घेऊन पाहिले, तो पुढचे दात खरोखरच लांब दिसत होते. परंतु या वयात दात वाढत नाहीत. हिरडी सरकली होती आणि जे मूळ झाकलेले असावयाचे ते उघडे पडले होते.

आता हे घडते कसे, ते पाहू. दातावर, विशेषतः हिरडीच्या कडेशी, सूक्ष्म जंतूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. तो रोज काढला नाही तर लाळेतील क्षार त्यात मुरतात व काही दिवसांतच त्याचे दगडासारखे कीटण बनते. हे कीटण ब्रशने निघत नाही. जंतूंच्या त्रासाने हिरडी लाल होते, सुजते, किंचित स्पर्शाने रक्त येते. ही पहिली पायरी. या पायरीवरून माणूस पूर्णपणे परत फिरू शकतो. दुर्लक्ष झाले तर हिरडी व दात यांच्यामध्ये खाच पडते. निरोगी तोंडात ही खाच एक ते तीन मिलीमीटर असते. रोगात ती खोल होत जाते आणि आत दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हाड खाली गेले की हिरडीही त्याच्या मागोमाग जाते. यालाच आपण पायरिया म्हणतो. गेलेले हाड आपोआप पुन्हा भरून येत नाही, आणि सर्वांत वाईट हे की, हे सारे होत असताना बहुधा दुखत नाही.

आपल्या पूर्वजांना हा रोग अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत दंतमुळांच्या रोगांमध्ये 'शीताद' सांगितला आहे. त्यात अकस्मात रक्त येणे, दुर्गंधी आणि हिरड्या मऊ पडून झडणे ही लक्षणे दिली आहेत. आधुनिक काळात 1965 साली हॅराल्ड लो या संशोधकाने डेन्मार्कमध्ये बारा निरोगी माणसांना दात घासणे बंद करावयास लावले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच सुमारे आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. इतका सरळ हा हिशेब आहे.

येथे कोणी म्हणेल, "आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात ब्रश पाहिला नाही, तरी नव्वदीत ऊस खात होते." हेही खोटे नव्हे. याच लो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 ते 1985 या काळात श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील मजुरांची पाहणी केली. त्यांना दात घासण्याची सवयच नव्हती. त्यांपैकी सुमारे अकरा टक्के लोकांत रोग वाढलाच नाही, आठ टक्के लोकांत झपाट्याने वाढला, बाकीच्यांत मध्यम गतीने. आजोबा त्या अकरांतले होते. आपण कोणत्या गटात, हे दात हलू लागेपर्यंत आपणास कळत नाही.

आता थोडे अवघड बोलतो. सौभाग्यवतींची अनुमती घेतली आहे. आमच्या घरी वर्षानुवर्षे तव्यावर तंबाखू भाजून मशेरी होत असे. त्या वासाने मुले खोकत बाहेर पळत. सकाळची मशेरी लावल्याखेरीज पोट साफ होत नाही, डोके दुखते, असे त्या म्हणत. ते खरेही होते, कारण शरीराला तंबाखूची सवय जडलेली असते. या प्रांतातील कित्येक घरांत हेच आहे, आणि आपल्या भगिनी तिला व्यसन मानीत नाहीत, दात घासणे मानतात. पुन्हा तंबाखूचा कपट असा की, ती हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे रक्त कमी येते, रोगी समजतो सर्व ठीक आहे, आणि आत हाड झिजतच राहते. तोंडाच्या कर्करोगाचे भय तर वेगळेच. 1992 साली केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली, परंतु घरच्या तव्यावर कोणाची बंदी चालणार? बाजारातून ती तंबाखू आणून देणारा मीच होतो. शाळेत व्यसनमुक्तीवर मुलांकडून निबंध लिहून घ्यायचे आणि सायंकाळी पिशवीतून पुडी घरी न्यायची, हे मी केले आहे.

मधुमेह असलेल्यांनी अधिक सावध राहावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतील दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. आमच्या घरी ही जोडगोळी एकत्रच होती.

उपाय पुष्कळांना ठाऊक आहे, पण भीती आड येते. प्रथम दंतवैद्य यंत्राने कीटण काढतात, आवश्यक तेथे हिरडी बधिर करून मुळेही साफ करतात. "कीटण काढले की दात हलतात, फटी पडतात," हा प्रवाद मी स्वतः अनेकांना सांगितलेला आहे. वस्तुतः फट आधीच पडलेली असते. कीटणाने ती बुजलेली असते एवढेच. वरचा दात काढल्याने दृष्टी जाते, हीही निराधार समजूत. खाच खूप खोल असेल तर हिरडी उघडून आतून स्वच्छ करण्याची शस्त्रक्रिया करतात. उघडे मूळ झाकण्यासाठी टाळूवरील त्वचेचा तुकडा जोडता येतो. मात्र दातांमधील हाड शाबूत असेल तरच ते चांगले साधते. माझ्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. गार पाण्याच्या झिणझिण्या तेवढ्या विशिष्ट पेस्टने कमी झाल्या.

घरी करावयाचे ते असे. मऊ ब्रश घ्यावा, तो हिरडीच्या कडेशी तिरपा धरून हळू फिरवावा, सकाळी व रात्री निजण्यापूर्वी. राखुंडी, विटकरीची पूड, मीठ यांनी जोरजोराने आडवे घासू नये. अशा घासण्यानेही हिरडी सरकते आणि दाताच्या मानेला खाच पडते. रक्त येते म्हणून तेथे घासणे सोडू नये. पातळ रक्ताची गोळी चालू असल्यास ती स्वतः बंद न करता दंतवैद्यास आधी सांगावे.

आपल्या भागात सोय नाही असेही नाही. येथून जवळच वानलेसवाडीस भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, कवलापुरास वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात व खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने सहसा कमी येतो. वेळ मात्र मोडावा लागतो.

सौभाग्यवतींनी मशेरी सोडून आता चौदा महिने झाले. पहिला महिना घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पुढील बुधवारी त्यांची तपासणी आहे आणि आम्ही सकाळी नऊ वाजता विश्रामबाग चौकातून निघणार आहोत. ज्या भगिनींना एकटीने जाण्याचा संकोच वाटतो, त्यांनी भोजनोत्तर त्यांच्याकडे नाव द्यावे. त्या महिलांच्या पंगतीत, खिडकीजवळ बसल्या आहेत.