महापालिकेचे अनुदान आणि सेवासंस्थेचा कणा
(एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहरात दुपारी बाराच्या सुमारास वृद्धांच्या केंद्रात डोकावले, तर पन्नास-साठ आजी-आजोबा गरम जेवणाच्या ताटापुढे बसलेले दिसतात. जेवणाचा पैसा सरकारी असतो, बराचसा शहराच्या तिजोरीतून आलेला असतो. मात्र ताट वाढणारा, हजेरी लिहिणारा, एखादे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत म्हणून त्यांच्या घरी दूरध्वनी करणारा माणूस महापालिकेचा नोकर नसतो. तो एखाद्या सेवासंस्थेचा, चर्चच्या न्यासाचा किंवा मोहल्ल्यातील मंडळाचा कार्यकर्ता असतो. पाळणाघर, बेघरांचा निवारा, मारहाण झालेल्या स्त्रीसाठी आसरा, शाळा सुटल्यानंतरचा अभ्यासवर्ग अशा अनेक सेवांची व्यवस्था हीच आहे. पैसा शहर देते, काम संस्था करते. या दोघांमध्ये जो कागद असतो, त्याला कधी अनुदान म्हणतात, कधी करार.

विषय दूरदेशीचा वाटेल, पण तो तितका दूरचा नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत बारावी अनुसूची आली आणि नागरी दारिद्र्यनिर्मूलन, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय नगरपालिकांकडे सोपवता येतील अशी तरतूद झाली. सेवाकार्य करणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या दारात आज ना उद्या महापालिकेचा माणूस प्रस्ताव घेऊन येणार. त्या वेळी हो म्हणायचे की नाही, म्हटले तर कोणत्या अटींवर, याचा अनुभव ज्यांनी साठ वर्षे घेतला आहे त्यांच्याकडे पाहणे शहाणपणाचे.

ही पद्धत तेथे फार जुनी नाही. सेवासंस्था जुन्या, धर्मादाय जुना. पण सरकारी पैशाचा मोठा ओघ संस्थांकडे वळला तो १९६४ पासून. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्यासाठीच्या कायद्यात एक अपूर्व अट घातली : ज्यांच्यासाठी योजना आहे, त्या गरिबांचाच योजनेच्या कारभारात जास्तीत जास्त सहभाग असला पाहिजे. वस्त्यावस्त्यांत समित्या उभ्या राहिल्या आणि थेट केंद्राचा पैसा त्यांच्या हाती येऊ लागला. अनेक महापौर बिथरले. आपल्या शहरात आपल्याला न विचारता पैसा येतो आणि त्याच पैशावर उभी राहिलेली मंडळी आपल्याविरुद्ध मोर्चे काढतात, हे कोणत्या महापौराला रुचेल?

पुढे पारडे महापौरांच्या बाजूने झुकले. २२ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. नागरी पुनर्विकासाच्या अनेक सुट्या योजना गुंडाळून एकच ठोक अनुदान शहरांना देण्याची व्यवस्था त्यातून आली. लोकसंख्या, दारिद्र्य, घरांतील दाटी, जुन्या घरांचे प्रमाण अशा निकषांच्या सूत्राने रक्कम ठरते. ती कोठे खर्च करायची ते शहराने ठरवायचे. रस्ते, गटारे, घरदुरुस्ती यांवर खर्च चालतो, पण माणसांच्या प्रत्यक्ष सेवेवर सर्वसाधारणपणे शंभरातले पंधरा डॉलरच खर्च करता येतात. मागणाऱ्यांची रांग मात्र या पंधरा डॉलरांपुढेच सर्वांत लांब असते. त्यापूर्वी वर्षातून निदान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. तेथे व्हीलचेअरवरचा तरुणही बोलतो, अन्नछत्र चालवणारी बाईही बोलते, आणि प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. याला लोकशाही म्हणायचे की याचकांचा मेळा, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. पण सुनावणी उघड होते आणि कोणी काय मागितले याची नोंद राहते, हेही खरे.

केंद्राच्या या पैशात शहर स्वतःच्या करांची भर घालते. तो पैसा टिकवायचा कसा, याचा धडा सान फ्रान्सिस्को शहराने घालून दिला. अंदाजपत्रकात तूट आली की पहिली कुऱ्हाड मुलांच्या कार्यक्रमांवर पडे. मुलांना मत नसते. कोलमन अ‍ॅडव्होकेट्स ही संस्था आणि तिच्या संचालिका मार्गारेट ब्रॉडकिन दर वर्षी नगरसदनाच्या पायऱ्या झिजवत, काही रक्कम वाचवत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अखेर त्यांनी नगरसेवकांची मनधरणी सोडून मतदारांकडे जायचे ठरवले. १९९१ मध्ये शहराच्या सनदेतच दुरुस्ती मतदानाला टाकण्यात आली आणि ती संमत झाली. प्रत्येक शंभर डॉलर मालमत्तामूल्यामागे गोळा होणाऱ्या करातले अडीच सेंट फक्त मुलांच्या सेवांसाठी बाजूला काढायचे, अशी ही तरतूद. नवा कर नाही. आहे त्या घरपट्टीतला ठरलेला वाटा. पाच लाख डॉलर मूल्याच्या घरामागे सव्वाशे डॉलर. असे पाऊल उचलणारे ते देशातले पहिले शहर ठरले.

त्या दुरुस्तीतले खरे मर्म मात्र दुसऱ्याच कलमात होते. या निधीच्या आधी शहर मुलांवर जेवढा खर्च करत होते, तो कमी करता येणार नाही, असे त्यात लिहून ठेवले होते. ज्यांनी सरकारी लेखाशीर्षे जवळून पाहिली आहेत, त्यांना या वाक्याचे मोल कळेल. एका हाताने नवा निधी द्यायचा आणि दुसऱ्या हाताने जुनी तरतूद गुपचूप काढून घ्यायची, ही युक्ती सर्व देशांतल्या अर्थखात्यांना ठाऊक असते. मतदारांनी हा निधी २००० मध्ये पुन्हा मंजूर केला आणि वाटा तीन सेंटवर नेला. २०१४ मध्ये पंचवीस वर्षांसाठी मुदत वाढवून तो टप्प्याटप्प्याने चार सेंट करण्याचे ठरले. आधी शहराची गरज पाहायची, मग वाटपाचा आराखडा, मग संस्थांकडून प्रस्ताव, असा क्रमही घालून देण्यात आला. ओळखीच्या संस्थेला आधी पैसे आणि मग गरजेचा शोध, हा उलटा क्रम कोठे चालतो, हे सांगायला नको.

प्रस्तावांची पद्धत सर्वत्र जवळजवळ सारखी आहे. शहर जाहीर निवेदन काढते : अमुक वस्तीत, अमुक इतक्या मुलांसाठी, अमुक सेवा हवी. संस्था प्रस्ताव पाठवतात. परीक्षक गुण देतात. करार होतो. मग संस्था काम करते, खर्च करते, महिन्याअखेर पावत्या आणि हजेरीपट जोडून बिल पाठवते आणि शहर झालेला खर्च भरून देते. ऐकायला हे अगदी चोख वाटते. पण नीट पाहिले तर यात शहर दाता नसून गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईकही उधारीचे. दोन-तीन महिन्यांचे पगार जिच्या गाठीला आहेत, तीच संस्था या खेळात उतरू शकते. वस्तीची नस ज्यांना ठाऊक असते, ती लहान मंडळे इथेच गळतात. तिकडच्या झोपडपट्टीवजा वस्त्यांतली कित्येक कामे शहराच्या मध्यभागी कार्यालय असलेल्या मोठ्या संस्थांकडे जातात, त्याचे एक कारण हे.

आस्थापना खर्चाचे दुखणे वेगळेच. ताटातल्या अन्नाचे पैसे द्यायला सगळे तयार, पण हिशेबनिसाचा पगार, छपराची दुरुस्ती, विजेचे बिल कोणी द्यायचे? २०१४ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की, ज्या संस्थेचा स्वतंत्र दर ठरलेला नाही, तिलाही केंद्राच्या पैशातून थेट खर्चावर दहा टक्के आस्थापना खर्च धरता येईल. ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा पंधरा टक्के झाली. म्हणजे हिशेब तपासणारा माणूस ठेवा असे सांगणाऱ्या सरकारला, त्या माणसालाही पगार लागतो हे मान्य करायला अर्धे शतक लागले.

श्रद्धेच्या आधाराने चालणाऱ्या संस्थांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. १९९६ च्या कल्याणकारी सुधारणा कायद्याने आणि २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी उघडलेल्या स्वतंत्र कार्यालयाने त्यांच्यासाठी दार अधिक रुंद केले. नियम कोणत्याही एका पंथासाठी नाही. संस्थेला नाव बदलावे लागत नाही, भिंतीवरची चिन्हे उतरवावी लागत नाहीत. पण सरकारी पैशातून उपासना किंवा प्रचार करू नये, असे कार्यक्रम वेगळ्या वेळी वा वेगळ्या जागी असावेत, त्यांत येण्याची सक्ती नसावी आणि सेवा घेणाऱ्याचा धर्म पाहिला जाऊ नये. कागदावर रेघ स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ती कोठून जाते, हे फिलाडेल्फियाच्या खटल्यात दिसले.

त्या शहरात पीतज्वराच्या साथीने अनाथ झालेल्या मुलांसाठी १७९८ मध्ये एका कॅथलिक धर्मगुरूने काम सुरू केले होते. त्याच परंपरेतली कॅथलिक सोशल सर्व्हिसेस ही संस्था पन्नासहून अधिक वर्षे शहराशी करार करून, आई-वडिलांपासून दुरावलेल्या मुलांना तात्पुरती घरे मिळवून देत होती. अशा कुटुंबांची पाहणी करून त्यांना पात्र ठरवण्याचे काम तिच्यासह वीसहून अधिक संस्था करत. समलिंगी जोडप्यांना पात्रतेचा दाखला देणे आपल्या धर्मश्रद्धेत बसत नाही, अशी या संस्थेची भूमिका होती. असे एकही जोडपे तिच्याकडे आलेले नव्हते. पण २०१८ मध्ये वर्तमानपत्रात ही भूमिका छापून आली आणि शहराने तिच्याकडे मुले पाठवणे थांबवले. शहराचे म्हणणेही सोडून देण्यासारखे नव्हते : पैसा सर्व नागरिकांचा, तेव्हा पालक होऊ पाहणाऱ्या कोणालाही दारातून परत पाठवता येणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ जून २०२१ रोजी नऊही न्यायमूर्तींनी संस्थेच्या बाजूने निकाल दिला.

निकालाचा आधार मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. धर्मश्रद्धा करारापेक्षा सदैव मोठी, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी शहराचा करारनामा उघडला आणि त्यातले एक कलम समोर ठेवले. भेदभाव न करण्याच्या अटीतून सूट देण्याचा अधिकार त्या कलमाने आयुक्ताला, त्याच्या मर्जीनुसार, दिला होता. ज्या नियमाला अधिकाऱ्याच्या मर्जीने अपवाद करता येतो, तो सर्वांना सारखा लागू असलेला नियम राहत नाही. मग या संस्थेलाच अपवाद का नाकारला, याचे सबळ कारण शहराने द्यायला हवे, आणि ते देता आले नाही. दोनशे वर्षांची परंपरा असलेल्या कामाचे भवितव्य करारातल्या एका ओळीवर ठरले. ती ओळ तेथे नसती, तर काय झाले असते, याचे उत्तर त्या निकालात नाही.

अशा खटल्याची वेळ क्वचित येते. उशिरा मिळणाऱ्या पैशाची वेळ दर वर्षी येते. न्यूयॉर्कचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. करार लेखानियंत्रकाकडे नोंदवला गेल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि नोंदणी अनेकदा काम सुरू झाल्यानंतर कित्येक महिन्यांनी होते. दरम्यान पाळणाघर बंद ठेवता येत नाही. म्हणून संस्था कर्ज काढते. शहरानेच अशा संस्थांसाठी बिनव्याजी उसनवारीचा एक निधी चालवला आहे. स्वतःचे देणे थकवायचे आणि मग त्याच धनकोला उसने द्यायचे, असा हा उफराटा व्यवहार. २०२२ च्या आरंभी महापौर एरिक अ‍ॅडम्स आणि लेखानियंत्रक ब्रॅड लँडर यांनी नेमलेल्या कृतिगटाने यावर अहवाल दिला, आणि त्या वर्षी अडकलेल्या करारांतील चारशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोकळी झाल्याचे शहराने जाहीर केले. ती रक्कम तोवर संस्थांनी आपल्या खांद्यावर वाहिली होती.

काही खांदे त्याआधीच मोडले होते. न्यूयॉर्कमधली एफईजीएस ही संस्था १९३४ मध्ये, महामंदीच्या काळात, बेकार ज्यू तरुणांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी ज्यू समाजातून उभी राहिली. समाजाच्या देणग्यांवर सुरू झालेले ते काम हळूहळू सर्व धर्मांच्या, सर्व वर्णांच्या न्यूयॉर्ककरांचे झाले. अपंगांची निवासस्थाने, मनोरुग्णांसाठी केंद्रे, स्थलांतरितांचे वर्ग अशा शाखा वाढत गेल्या. वर्षाला सुमारे एक लाख वीस हजार लोक तिच्याकडे येत, वार्षिक उलाढाल पंचवीस कोटी डॉलरच्या घरात गेली, पण त्यातला फार मोठा भाग सरकारी करारांचा होता. संस्था मोठी झाली तशी तिच्या पायाखालची स्वतःची जमीन अरुंद होत गेली. करार खर्चापेक्षा कमी दराचे, पैसे उशिराचे. वर कारभारातले दोष आणि चुकलेले व्यावसायिक बेत. २०१४ अखेरीस सुमारे दोन कोटी डॉलरचा तोटा उघड झाला. विश्वस्तांपैकी अनेकांना तो तेव्हाच कळला, हे विशेष. जानेवारी २०१५ मध्ये संस्था बंद करण्याची घोषणा झाली आणि मार्चमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला.

सुमारे १,९०० कर्मचारी होते. शहर आणि राज्य सरकार यांनी घाईघाईने दुसऱ्या संस्था शोधल्या; मनोरुग्णांसाठीची केंद्रे ज्यूइश बोर्ड या जुन्या संस्थेने चालवायला घेतली. बहुतेक ठिकाणी सेवा सुरू राहिली, अनेक कर्मचारीही तेच राहिले. दारावरची पाटी तेवढी बदलली, आणि ऐंशी वर्षांपूर्वी ज्या समाजाने पदरमोड करून हे काम उभे केले होते, त्याच्याकडे त्यातले काय उरले, हे शोधण्याचे काम दिवाळखोरीच्या न्यायालयाकडे गेले.