पायाखालची वाट

पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पुढे रस्ते रुंद झाले, पण चालणारा कडेला ढकलला गेला.

2016 साली पुणे महापालिकेनं पादचारी धोरण स्वीकारलं. त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावरचे पदपथ रुंद झाले, झाडांच्या सावलीत बाकं आली. आज तिथे आजी-आजोबा निवांत टेकलेले दिसतात. 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. एरवी हॉर्नच्या गजरात हरवणारा हा रस्ता त्या दिवशी माणसांचा झाला.

चांगला पदपथ म्हणजे काय? भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पायरी उंच झाली की गुडघे दुखणारी आजी रस्त्यावरूनच चालते. सायकलमार्गाचंही तसंच आहे: तो मध्येच तुटला, की मुलं थेट रहदारीत सापडतात.

वाट अडली की चालणाराही तसाच रस्त्यावर येतो, म्हणून पदपथावर गाडी लावू नका. ती वाट कुणाच्या तरी हक्काची आहे.