जनरेटरचा अर्धा चोक आणि कामगाराचा श्वास
(ठेकेदारी कामगारांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



केबल जोडणारी टोळी असो, मांडव-रोषणाईचे कारागीर असोत की बांधकामावर ड्रिल आणि कटर चालवणारे असोत, उचलून नेण्याजोगा लहान पेट्रोल जनरेटर आज आपल्या सर्वांच्या कामाचा सोबती झाला आहे. हे इंजिन मिसिंग करू लागले, त्याचा आवाज वर-खाली होऊ लागला, की बहुतेक साइटवर एकच उपाय केला जातो. चोक अर्धा ओढायचा आणि पाळी संपेपर्यंत काम रेटायचे. या सवयीत आपल्या मजुरीचा आणि जिवाचा प्रश्न दडलेला आहे, म्हणून आज त्याविषयी बोलायचे आहे.

प्रथम मजुरीची बाजू पाहू. इन्व्हर्टर नसलेला नेहमीचा जनरेटर मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांवर ५० हर्ट्झची वीज देतो. फेरे हलले की व्होल्टेज हलते, फ्रिक्वेन्सी हलते. मग ड्रिलची मोटर तापते, दिवे उडतात, आणि नुकसान ज्याच्या हातात हत्यार होते त्याच्या नावावर लिहिले जाते. म्हणून दोष कुठे आहे हे क्रमाने शोधून दाखवता येणे, हे आपल्या बचावाचे साधन आहे.

क्रम असा ठेवावा. जनरेटर उघड्यावर, सपाट जागी घ्या. उतारावर ठेवला तर तेल कमी असल्याचा इशारा समजून काही इंजिने आपोआप बंद पडतात. जोडलेली सर्व यंत्रे काढा. भाराशिवाय इंजिन नीट चालते आणि भार टाकताच गुदमरते, तर आधी भार मोजा. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. जनरेटरच लहान असेल तर तो दोष इंजिनाचा नव्हे, साहित्य पुरवणाऱ्याचा.

भाराशिवायही आवाज हलत असेल तर पेट्रोलकडे वळा. थोडा वेळ चालून बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहा. त्याने चालू राहिले तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. पेट्रोल महिनाभर टाकीत पडून असेल तर ते काढून टाका. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि २०२५ पासून ते देशभर रूढ झाले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या इंजिनांतील रबरी नळ्या व वायसर त्याने खराब होऊ शकतात. तेही तपासा.

नंतर हवा. फोमचा एअर फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब देऊन पिळा. कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा. सिमेंटच्या धुळीत फिल्टर लवकर बुजतो.

मग प्लग. इंजिन थंड झाल्यावरच काढा. टोक फिके तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट, भाजलेले टोक म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. बऱ्याच इंजिनांत प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. तरी पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

आता चोकचे रहस्य. चोक ओढल्यावर इंजिन सुधारते, याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडते आहे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा बसला आहे, किंवा गॅस्केटमधून फालतू हवा शिरते आहे. म्हणजे अर्धा चोक ही रोगाची खूण आहे, इलाज नाही. कार्बोरेटर उतरवून क्लीनरने आणि हवेच्या दाबाने जेट साफ करावा. छिद्रात तार घालू नये; छिद्र मोठे झाले की दोष कायमचा होतो. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून आवाज दाबण्याचा उद्योगही करू नये. एवढे करूनही फरक नसेल तर व्हॉल्व्हची फट आणि कॉम्प्रेशन पाहणे हे मिस्त्रीचे काम आहे.

आता जिवाची बाजू. चोकमुळे मिश्रण गरजेपेक्षा जाड राहिले की पेट्रोल अर्धवट जळते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि माणूस ते थकव्यावर ढकलून तिथेच टेकतो. ठणठणीत इंजिनही बंद जागेत जीव घेण्याइतका वायू सोडते. पाऊस आला म्हणून जनरेटर तळघरात, जिन्याखाली किंवा खोदलेल्या खड्ड्यात नेऊ नका. खिडकी उघडी आहे, हे समाधान पुरेसे नाही. तो इमारतीपासून किमान २० फूट दूर हवा, धुराचे तोंड माणसांच्या उलट दिशेला हवे. कोणाला चक्कर आली तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या.

म्हणून प्रत्येक युनिटने व्यवस्थापनापुढे चार मागण्या ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो. प्रत्येक जनरेटरसोबत नोंदवही असावी आणि दोष दिसताच तारीख-वेळेसह कामगाराने लिहावा. जादा प्लग आणि फिल्टर साइटवर असावेत. सफाई-तपासणीचा वेळ मजुरीत धरावा. पावसासाठी उघड्यावरची, चारी बाजूंनी मोकळी छपरी द्यावी.

या मागण्यांचा खर्च फार नाही. नोंदवहीत लिहिलेला दोष उद्या कामगाराच्या माथी मारता येत नाही. तेव्हा आपापल्या साइटवर परत गेल्यावर पहिली नोंद करा: आमचा जनरेटर चोकशिवाय चालतो की नाही? उत्तर नाही असेल, तर ते लेखी कळवा आणि पोच घ्या.