दारावरची थाप आणि आपलं बोलणं

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला माईक आणि मोर्चा आठवतो. पण माणसाला गप्प करायला त्याचं तोंडच दाबावं लागतं असं नाही. नुसती पाळत ठेवली तरी पुरते. आम्ही गिरणी कामगारांनी हे गेटसभेत पाहिलंय. साध्या वेशातला माणूस वही घेऊन उभा राहिला की मागच्या रांगा पातळ व्हायच्या. कुणाला हात लावलेला नसायचा, पण मनातला प्रश्न मनातच राहायचा.

पाळतीचा पहिला वार गरिबावर पडतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला अशा लोकांची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण तो कायदा देशभरातून जायला १९५२ साल उजाडलं.

आता एक खटला सांगतो. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाच्या माणसाला १९४१ साली दरोड्याच्या आरोपात पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. तरी पोलिसांनी त्याच्या नावाने 'हिस्ट्री शीट' उघडली. रात्री-अपरात्री शिपाई आणि चौकीदार दारावर थापा मारून त्याला उठवायचे. हा माणूस कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात गेला. याच कलमाला बाबासाहेबांनी संविधान सभेत घटनेचा आत्मा म्हटलं होतं.

१९६२ साली निकाल लागला. रात्री घरी जाऊन उठवणं घटनाबाह्य ठरलं, पण बाकीची पाळत कायम राहिली. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असं बहुमताने सांगितलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. ज्याच्यावर सतत नजर आहे, त्याचं हिंडणंही मोकळं नाही आणि बोलणंही मोकळं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मान्य करायला २०१७ साल लागलं.

आज थाप ऐकूही येत नाही, कारण फोन आपल्याच खिशात असतो. फोन ऐकण्याबाबत सुप्रीम कोर्टाने १९९६ साली नियम घातले : गृहसचिवाचा हुकूम हवा, मुदत दोन महिने, आणि वाढवली तरी एकूण सहा महिन्यांच्या वर नाही. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला. पण हुकूम बरोबर होता का, हे तपासणाऱ्या समितीत अजूनही सरकारचे सचिवच आहेत, न्यायाधीश नाही. म्हणजे साहेबाचा हुकूम साहेबानेच तपासायचा!

कुणी म्हणेल, "आपण चोरी केली नाही, मग भ्यायचं कशाला?" अहो, खरक सिंगवर तरी कुठे गुन्हा शाबीत झाला होता? मुंबईने १९९३ आणि २००८ भोगलंय. तेव्हा पाळत कधीच नको, असं मी म्हणत नाही. पण तिला कायद्याचा आधार हवा, योग्य कारण हवं, आणि ती त्या कारणापुरतीच हवी. २०१७ च्या निकालाचं सार हेच आहे.

आपल्या देशात इतक्या जाती, धर्म, भाषा. एकाचं बोलणं दुसऱ्याला टोचणारच. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना बंदबद्दलच्या फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं 'लाईक' केलं होतं. त्यावरून कायदा शिकणारी एक तरुणी कोर्टात गेली, आणि २०१५ साली कलम ६६-अ रद्द झालं. ती मुलगी स्वतःसाठी गेली नव्हती, हे ध्यानात घ्या. ज्याचं बोलणं आपल्याला पटत नाही, त्याच्याही हक्कासाठी उभं राहायला शिकलं पाहिजे. आज त्याला लावलेलं माप उद्या आपल्याला लागणार आहे.

शेवटी एक विनंती. घरातल्या मुलामुलींकडून कलम १९, २१, २२ आणि ३२ वाचून घ्या. अटकेचं कारण सांगावंच लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं, एवढं तरी प्रत्येक आईला ठाऊक असू द्या. हक्क माहीत असलेल्या माणसाला घाबरवणं सोपं नसतं.

जयभीम! जय भारत!