लांब फ्रेंच शब्द, आपल्या जिभेने



अकरावीला फ्रेंच घेणारी मुलं हल्ली कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत बऱ्याच सोसायट्यांत भेटतात. मार्क भरपूर पडतात, हा त्यामागचा हिशेब. पेपर सुटतोही, पण लांबलचक शब्द मोठ्याने वाचायला सांगा, जीभ अडखळलीच म्हणून समजा. कारण आपण फ्रेंच वाचतो ते इंग्रजीच्या वळणाने.

इंग्रजी शब्दाच्या एका तुकड्यावर जोर देते आणि बाकीचे निम्मेअर्धे गिळते. फ्रेंच शब्द म्हणजे कळव्याला थांबणारी स्लो लोकल. प्रत्येक स्टेशन घ्यायचं. शेवटी तेवढं किंचित जास्त रेंगाळायचं.

तुकडे पाडायचे कसे? दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराला द्या : आ-नी-माल, म्हणजे प्राणी. दोन असतील तर एक मागे, एक पुढे : पार-तीर, म्हणजे निघणे. दुसरं व्यंजन 'र' किंवा 'ल' असेल तर जोडाक्षर सहसा फोडायचं नाही : सी-त्रोँ, म्हणजे लिंबू.

आता एक पंचवीस रोमन अक्षरांचा शब्द घेऊ. अर्थ, 'घटनाबाह्य रीतीने'. कागदावर धडकी भरते. तोंडात मात्र आठच तुकडे : आँ-ती-कोँ-स्ती-त्यु-स्यॉ-नेल-माँ. शेपटाकडून चढा. आधी 'माँ', मग 'नेल-माँ', मग 'स्यॉ-नेल-माँ'. 'त्यु'साठी ओठ 'ऊ'चे ठेवा आणि जीभ 'ई'ची. 'माँ' नाकातून सोडा, मागे 'न' चिकटवू नका. कोकणी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना हे चटकन जमतं.

'नेल' आणि 'माँ' यांच्यामध्ये लिहिलेला एक 'ए' बोलताना गळतो. त्यात नवल काय? आपण 'मुलगी' लिहितो आणि 'मुल्गी' म्हणतो. त्यांचा शनिवारही लिहिण्यात तीन तुकड्यांचा, बोलण्यात 'साम-दी'.

गंमत अशी, की हाच गळलेला 'ए' पुढे व्यंजन आलं तर फ्रेंच कवितेत मोजला जातो. तिथली बारा तुकड्यांची जुनी ओळ सहा-सहावर विसावते. आपल्या मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे. बोलताना गिळलेला 'अ' तिथेही पुरा धरतात. ज्यांच्या घरी हरिपाठ होतो, त्यांना ही मोजणी शिकवावी लागत नाही. फ्रेंचचं पुस्तक उघडा आणि तेच कान लावा.