परवान्याची बाटली आणि रमजान

कतारमध्ये दारू परवान्यावर मिळते, म्हणून आपल्या मंडळींत व्यसनी कोणी नाही, असा एक सोयीस्कर समज आहे. पण व्यसन बाटल्या मोजून कळत नाही. सुटीचा दिवस बाटलीभोवती आखला जातो का, 'आज दोनच' हे दरवेळी मोडतं का, घरच्यांपासून लपवालपवी होते का, ते पाहा.

रमजानात विक्री बंद होते. महिनाभर राहिलो म्हणजे सुटलो, असं नाही. खरी परीक्षा ईदनंतर. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याचे हात काही तासांतच थरथरू लागले, घाम फुटला, तर तो मनाचा दुबळेपणा नव्हे. रोजच्या दारूला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून बसलेला असतो. दारू थांबली की ती तशीच उरते. पहिल्या २ दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, क्वचित जीवही जातो. तेव्हा शपथ घालून घरात कोंडू नका, डॉक्टरांकडे न्या.

पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली 'मुक्तांगण' काढलं, ते व्यसन हा आजार मानूनच. तिथे कुटुंबालाही उपचारात धरतात. इथे नोकरी, व्हिसा जाईल या धास्तीने आधी बायकोच गप्प बसते.