आपल्या नगरीचा इतिहास आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, विवाहेच्छु वधूवरांची नोंद झाली आणि मंडळाचा जमाखर्चही मंजूर झाला. ही सर्व आवश्यक कार्ये आटोपल्यावर जुन्या दगडांविषयी आणि जीर्ण कागदांविषयी बोलावयास एक निवृत्त शिक्षक उभा राहावा, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु हा विषय आपल्या घरांतील माळ्यावरच्या पेट्यांशी आणि देव्हाऱ्याखालच्या फडताळांशी निगडित आहे. तो कसा, एवढेच सांगण्याचा माझा हेतू आहे.

मोठ्या शहरांतून अलीकडे एक चांगली प्रथा रूढ झाली आहे. कोणी जाणकार गृहस्थ किंवा भगिनी पंधरावीस मंडळींस बरोबर घेऊन सकाळच्या प्रहरी पायी निघतात, जुन्या वास्तूंपुढे थांबतात, त्यांचा इतिहास सांगतात आणि शेवटी एखाद्या देवळाच्या सभामंडपात बसून प्रश्नोत्तरे होतात. मुंबईत अशा फेऱ्या १९९९ पासून नियमाने निघू लागल्या. पुण्यातही त्या लोकप्रिय आहेत. १८ एप्रिल हा जागतिक वारसादिन म्हणून पाळतात, त्या दिवशी तर ठिकठिकाणी असे कार्यक्रम होतात. आपल्या वाशीम नगरीतही अशी फेरी आपल्या मंडळाने सुरू करावी, अशी माझी सूचना आहे.

कोणी विचारील, वाशीमला पाहण्यासारखे काय आहे? शाळेत आपण पाटलिपुत्र आणि उज्जयिनी पाठ केली. परंतु ज्या भूमीवर आपण नित्य वावरतो ती एकेकाळी राजधानी होती, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानी असते? इसवी सनाच्या चौथ्या शतकात वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन ह्याच्या पश्चात त्याच्या राज्याचे विभाग झाले. त्याचा पुत्र सर्वसेन ह्याने वत्सगुल्म येथे आपले राज्य स्थापिले. वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशीम. आपल्याकडील माहात्म्यकथा हे नाव वत्सऋषींच्या तपश्चर्येशी जोडते.

हा सर्वसेन नुसता राजा नव्हता, कवीही होता. त्याने प्राकृत भाषेत 'हरिविजय' नावाचे काव्य रचिले. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणिला, हा त्याचा विषय. ते काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, कुंतक, भोज इत्यादी साहित्यशास्त्रकारांनी आपापल्या ग्रंथांत त्याचा उल्लेख केला वा त्यातील पद्ये उदाहरणादाखल घेतली, म्हणूनच ते होते हे आपणांस कळते. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसा' ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू ह्यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाला, अशी सुंदर कथा रचिली. ज्या गावी साहित्याचे लग्न लागले त्या गावचे आपण वऱ्हाडी आहोत!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वाकाटकांची ही वत्सगुल्म शाखा इतिहासास ज्ञात कशी झाली? १९३९ साली ह्याच वाशीम गावी एक ताम्रपट उजेडात आला. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती ह्याने राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून हा ताम्रपट दिलेला आहे. अथर्ववेदी ब्राह्मणांस एक गाव दान दिल्याची त्यात नोंद असून वंशावळीचा भाग संस्कृतात व व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी त्याचा अभ्यास केला. तोपर्यंत वाकाटकांची अशी स्वतंत्र शाखा होती, हे विद्वानांस माहीत नव्हते.

ह्याहूनही नवलाची गोष्ट पुढे आहे. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव ह्याचा शिलालेख आहे. त्यात प्रवरसेनाच्या पुत्राचे जे नाव झिजून पुसट झाले होते, ते पूर्वीच्या विद्वानांनी 'रुद्रसेन' असे वाचले होते. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यावर मिराशींनी तो लेख पुन्हा तपासला, तेव्हा ते नाव 'सर्वसेन' असल्याचे सिद्ध झाले आणि १९४१ साली त्यांनी तो लेख नव्याने संपादून प्रसिद्ध केला. अजिंठ्याची ती लेणी कोणत्या राजवंशाच्या काळी कोरली गेली, ह्याचा उलगडा होण्यास मोठे साहाय्य झाले. जगभरचे लोक जी लेणी पाहावयास येतात, त्यांतील एक चुकीचे वाचन आपल्या गावी जपून राहिलेल्या तांब्याच्या पत्र्यांनी दुरुस्त केले. ते पत्रे कोणी भांड्यांच्या मोडीत घातले असते तर काय झाले असते, ह्याचा विचार आपण करावा. तांब्याचा भाव तेव्हाही होता आणि आजही आहे.

आता आपल्या फेरीचा मार्ग कल्पू या. आरंभ श्रीबालाजी मंदिरापासून करावा. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी दिवाणपदास चढलेले भवानी काळू ह्यांनी अठराव्या शतकात हे मंदिर उभविले आणि देवतळेही बांधविले. मंदिरातील मूर्ती संकटकाळी भूमीत दडविल्या होत्या व पुढे त्या योगायोगाने सापडल्या, अशी आख्यायिका आहे. त्या काळी वाशीम कापडासाठी प्रसिद्ध होते. पेशवे आणि जानोजी भोसले ह्यांच्यात १७६९ साली कनकापूरचा जो तह झाला, त्यात वाशीम व बाळापूर येथील कापड पेशव्यांस देण्याचे कलम होते. म्हणजे येथील विणकराच्या मागाचा आवाज पुण्याच्या दरबारापर्यंत पोचत होता!

तेथून पद्मतीर्थाकडे जावे. वाशीमच्या १०८ तीर्थांची परंपरा सांगतात, त्यांत हे प्रमुख होय. नंतर मध्यमेश्वराचे दर्शन घ्यावे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या भूमध्यरेषेवर हे स्थान आहे, अशी श्रद्धा आहे. आणि बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी आपल्या 'करणकुतूहल' ग्रंथात मध्यरेषेवरील स्थाने सांगताना वत्सगुल्माचे नाव उज्जयिनीच्या जोडीने घेतले आहे. आजच्या मोजणीने पाहिले तर वाशीम उज्जयिनीच्या एक अंशाहून अधिक पूर्वेस आहे. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. त्या काळी रेखांश मोजण्याची साधने किती तोकडी होती हे त्यामुळे कळेल, आणि तरीही आपल्या गावाचे नाव ज्योतिर्विदांच्या मुखी होते ह्याचा आनंदही राहील. फेरीतील वक्त्याने श्रद्धा, आख्यायिका आणि लेखी पुरावा ही तीन निरनिराळी गाठोडी बांधून ठेवावीत. एकातील वस्तू दुसऱ्यात घालू नये.

दुसरी फेरी कारंजा येथे न्यावी. श्रीनृसिंहसरस्वतींचे ते जन्मस्थान. दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ ह्या चार वेशींची नावे ऐकली म्हणजे व्यापारी कारंज्याच्या वाटा कोठे कोठे जात होत्या हे समजते. १६७० साली शिवाजीमहाराजांच्या सैन्याने हे श्रीमंत शहर लुटले, एवढी त्याची तेव्हा ख्याती होती. परंतु त्याची खरी श्रीमंती लुटीत गेली नाही. तेथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शेकडो हस्तलिखिते श्रावकांनी पिढ्यान्पिढ्या वेष्टनांत बांधून ठेविली. त्यांची नोंद १९२६ साली रायबहादूर हिरालाल ह्यांच्या सूचीत छापली गेली, पुढे डॉ. हिरालाल जैन, डॉ. प. ल. वैद्य ह्यांनी 'जसहरचरिउ', 'णायकुमारचरिउ' आदी अपभ्रंश काव्ये कारंजा ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. मराठी भाषा कोणत्या वाटेने आली, हे शोधणाऱ्यास ती काव्ये आज उपयोगी पडतात. 'हरिविजय' नष्ट झाले आणि ही काव्ये वाचली. कारंज्यात वेष्टनाची गाठ वेळोवेळी सोडून पुन्हा बांधणारे हात होते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी पायपीट करून, लोकांची घरे धुंडाळून कागद मिळविले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाई येथे एका घरी सापडलेल्या दप्तरांच्या आधारे. असे २२ खंड झाले. परदेशी विद्वानांचेही उदाहरण आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१४ च्या सुमारास हिंदुस्थानात आले. गावाची योजना आखण्यापूर्वी ते प्रथम गल्लीबोळांतून पायी हिंडत आणि मगच कागदास पेन्सिल लावीत. जुने पाडून सरळ रस्ते काढण्यापेक्षा आहे ते राखून आवश्यक तेवढेच बदलावे, असे त्यांचे सांगणे होते.

आता थोडे अप्रिय बोलतो, त्याची क्षमा असावी. ज्ञातिमंडळांच्या स्मरणिका उघडल्या की बहुधा प्रत्येक ज्ञातीची उत्पत्ती एखाद्या ऋषीपासून वा राजकुलापासून झालेली आढळते. पूर्वजांविषयी आदर असावा. परंतु आपली ज्ञाती उंच दिसावी म्हणून इतिहास लिहावयाचा नसतो. मंदिरावर दिवाणाचे नाव राहते. ज्या पाथरवटांनी दगड घडविले, ज्या वडारांनी तळ्याची माती उपसली, ज्या विणकरांनी तहातील कापड विणले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. कारंज्याचे जैन, पोहरादेवीस जाणारे बंजारा बांधव, पेठांतील मुसलमान कारागीर हे सर्व ह्या जिल्ह्याच्या इतिहासाचे समान भागीदार आहेत. म्हणून माझी विनंती अशी की, फेरीचा खर्च आपल्या मंडळाने करावा, परंतु फेरी सर्व गावास खुली असावी. 'आपला पैसा आणि दुसऱ्यांची सोय' असा आक्षेप येईल. त्यास उत्तर इतकेच की, पद्मतीर्थाचे पाणी ज्ञातीप्रमाणे वाटून घेता येत नाही.

हे काम त्वरेचे आहे. जुने वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी गाळे उभे राहत आहेत. घर पाडताना माळ्यावरची दप्तरे रद्दीवाल्याकडे जातात. मोडी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. वाशीमचा जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्यात विलीन झाला, तो १ जुलै १९९८ रोजी पुन्हा मिळाला, कारण ती मागणी लोकांच्या आणि दप्तराच्या स्मरणात होती. रद्दीत गेलेला कागद मात्र कोणत्याही मागणीने परत मिळत नाही.

म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली, दरवर्षी हिवाळ्यात दोन फेऱ्या काढाव्यात, एक वाशीमची व एक कारंज्याची. आणि प्रत्येक फेरीनंतर एक व्याख्यान व्हावे. दुसरी, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील सनदा, मोडी कागद, जमाखर्चाच्या वह्या, पोथ्या व जुनी छायाचित्रे ह्यांची यादी करावी आणि तरुणांनी आपल्या मोबाईलवर त्यांची चित्रे घ्यावीत. मूळ वस्तू घरीच राहू द्यावी. यादी मंडळाकडे द्यावी. तिसरी, घरातील वृद्ध स्त्रियांस विहिरींची, आळ्यांची, बुजलेल्या तीर्थांची नावे विचारून लिहून घ्यावीत. हे ज्ञान पुरुषांच्या दप्तरात नसते. चौथी, पाया खणताना नाणी, मूर्ती वा ताम्रपट सापडल्यास तो लपवू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे.

येत्या दिवाळीत घरे झाडावयास काढाल, तेव्हा माळ्यावरची पेटी खाली उतरवा. तिच्यात कदाचित जुन्या पावत्यांखेरीज काही निघणार नाही. पण ती उघडून पाहिल्यावाचून कोणी रद्दीवाल्यास हाक मारू नये, एवढे वचन प्रत्येक कुटुंबाने आज मला द्यावे. पुढील संमेलनात मंडळाच्या जमाखर्चाबरोबर ह्या याद्याही वाचल्या जाव्यात, अशी माझी इच्छा आहे.